अधिवेशन लवकर आटोपले म्हणून हळहळू नये

भोपाळला विधानसभेचे अधिवेशन ठरल्या तारखेआधी गुंडाळले की हळहळायचे, ही खोड इंदूरच्या मराठी मंडळींनी आता सोडावी. ऑगस्ट २०२१ मध्ये चार दिवसांचे पावसाळी अधिवेशन दुसऱ्याच दिवशी आटोपले, तेव्हाही रामबागेत उगाच सुस्कारे टाकले गेले. गोंधळामुळे कामकाज चालत नाही म्हणून कामकाजच संपवले, या खुलाशात तर्क शोधत बसू नये. जुलै २०२४ मध्ये तर १९ तारखेपर्यंतचे अधिवेशन ५ तारखेलाच बेमुदत तहकूब झाले. ३ तारखेला मांडलेला सुमारे ३.६५ लाख कोटींचा अर्थसंकल्प तेवढ्यात मार्गी लागला. शीतलामाता बाजारात एक साडी पसंत करायला याहून अधिक खल होतो, हे घरी बोलून दाखवू नये.

अधिवेशन किती दिवस चालावे, हे घटनेने सांगितलेलेच नाही. दोन अधिवेशनांत सहा महिन्यांहून अधिक अंतर पडू नये, एवढीच अनुच्छेद १७४ ची अट आहे. तेव्हा वर्षातून दोनदा एकेक दिवस जमून दिवंगतांना श्रद्धांजली वाहिली तरी ती पाळली जाते आणि मध्येच कायद्याची निकड भासली तर राज्यपालांचा अध्यादेश आहेच. सत्तरहून अधिक सदस्यांच्या विधानसभेने वर्षाकाठी किमान ९० दिवस बसावे, अशी शिफारस घटनेच्या कामकाजाचा आढावा घेणाऱ्या वेंकटचलय्या आयोगाने २००२ मध्ये केली होती. आपली विधानसभा २३० सदस्यांची आहे, त्यामुळे तो अहवाल वाचू नये, झोप उडते.

गल्लीतल्या तुंबलेल्या ड्रेनेजबद्दल आमदारांकरवी प्रश्न लावायचा असेल, तर तो पहिल्याच दिवसाच्या यादीत यावा म्हणून खजराना गणपतीला नवस बोलावा. तारांकित प्रश्नाची सारी गंमत मंत्र्यांना उभे करून पुरवणी प्रश्न विचारण्यात असते; दुसऱ्या आठवड्याच्या यादीत गेलेल्या प्रश्नाच्या नशिबी, अधिवेशन पाचव्या दिवशी संपल्यावर, छापील उत्तर तेवढे उरते. त्यात ‘जानकारी एकत्रित की जा रही है’ असे असल्यास समाधान मानावे. (ती एकत्र होऊन कुठे जाते, हा स्वतंत्र प्रश्न, तोही पुढच्या अधिवेशनात लावता येईल.)

आमदारसाहेब वेळेआधी परतले, तर कारण विचारून त्यांना संकोचात टाकू नये. गणेशोत्सवात मंडळात बोलवावे, हार घालावा, माईक हाती द्यावा. तिथे त्यांना बोलायला वेळ कमी पडत नाही. आरती साडेसातला असेल, तर त्यांना साडेपाचलाच उभे करावे.