मामा, बुलेटवाल्याला ट्रॅकवर हसतील का?

परवा भाच्याचा पुण्याहून फोन आला. त्याच्याकडे रात्रीचे साडेअकरा, माझ्याकडे मिलवॉकीत दुपारचा एक. इतक्या रात्री फोन म्हणजे एकतर कुणाचं तरी बरंवाईट, नाहीतर गाडी. गाडीच निघाली.

"मामा, चेन्नईला ट्रॅक डेला जायचंय. गाडी कुठली घेऊ? केटीएमची आरसी ३९० की यामाहाची आर ३?"

म्हटलं, पार्किंगमध्ये उभी आहे तिला काय झालं? त्याच्याकडे रॉयल एनफिल्डची कॉन्टिनेंटल जीटी ६५० आहे. लाल. हप्ते अजून फिटायचेत.

"काहीही काय मामा! बुलेट घेऊन गेलो तर हसतील लोक. आणि हो, आईला सांगू नकोस."

तेव्हा काहीतरी बोलून फोन ठेवला, पण ते 'हसतील' डोक्यातून जाईना. उत्तर व्हॉट्सॲपवर मावणारं नाही, म्हणून इथे लिहितोय.

गेले सहा उन्हाळे मी इथल्या शर्यतीच्या ट्रॅकवर जी गाडी नेतो, तिला बघून लोक हसत नाहीत, आधी गोंधळतात. ब्युएल या अमेरिकी कंपनीची फायरबोल्ट, एक्सबी ९ आर, २००३ चं मॉडेल. जुनी घेतली, ३,२०० डॉलरला. जिथे पेट्रोलची टाकी दिसते तिथे टाकी नाहीच, ते एअर फिल्टरवरचं झाकण आहे. पेट्रोल असतं फ्रेमच्या जाडजूड ॲल्युमिनियमच्या पोकळीत, चौदा लिटर. ऑइल स्विंगआर्ममध्ये, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्यात. सायलेन्सर इंजिनाच्या पोटाखाली. चेनच्या जागी बेल्ट. पुढच्या चाकाला एकच डिस्क, पण ३७५ मिलिमीटरची, आणि ती हबला न लावता रिमला लावलेली. सायकलचा ब्रेक रिमला धरतो ना, तसं काहीसं. ब्रेकचा जोर आऱ्यांमधून जातच नाही, थेट रिमवर येतो, म्हणून आरे बारीक चालतात आणि चाक हलकं होतं. दोन चाकांमधलं अंतर १,३२० मिलिमीटर, म्हणजे आपल्याकडच्या दीडशे सीसीच्या गाड्यांएवढं. आणि त्यात कोंबलंय ९८४ सीसीचं हार्ले स्पोर्टस्टरच्या घराण्यातलं व्ही-ट्विन, म्हणजे व्हीच्या आकारात दोन सिलिंडर असलेलं इंजिन. जुन्या पद्धतीचं, पुशरॉडवालं, सिलिंडरला दोनच व्हॉल्व्ह. हवेवर थंड होणारं.

हे हवेवर थंड होणं इथल्या लोकांना मोठं अप्रूप वाटतं. आपल्याला नाही वाटत. सांगलीत बाबांकडे राजदूत होती, काकांकडे लूना, समोरच्या डॉक्टरांकडे बुलेट. एकालाही रेडिएटर नव्हता. गाडी तापली की सावलीत लावायची आणि चहा घ्यायचा, कूलिंग सिस्टिम ती एवढीच. त्यामुळे हवेसाठी बाहेरून फिन, म्हणजे पातळ पापुद्रे, असलेलं इंजिन बघितलं की मला गाडी जुनी वाटत नाही, ओळखीची वाटते.

ज्यांना ट्रॅक डे म्हणजे काय हे माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एक दिवस शर्यतीचा ट्रॅक सामान्य लोकांना भाड्याने मिळतो. नवशिके, मधले आणि तयार असे तीन गट. प्रत्येक गटाला तासातून वीस मिनिटं. शर्यत नाही, नंबर नाही, बक्षीस नाही. मी जातो तो ट्रॅक रोड अमेरिका, एल्कहार्ट लेक गावचा, घरापासून तासाभरावर. १९५५ पासून चालू आहे. लांबी साडेसहा किलोमीटर, चौदा वळणं आणि तीन लांबलचक सरळ पट्टे. तिथे भाजलेलं कणीस मिळतं, सालीला धरून लोण्यात बुडवून देतात. मी डब्यात अर्धं लिंबू आणि तिखटमीठ नेतो. शेजारचे आता मागून घेतात.

सकाळी आधी गाडीची तपासणी. आरसे काढलेत का, दिव्यांवर टेप आहे का, टायर कसे आहेत. त्यात एक प्रश्न असतो: रेडिएटरमध्ये कूलंट नाही ना, साधं पाणीच आहे ना? कूलंट डांबरावर सांडलं की तेलासारखं निसरडं होतं आणि पुसता पुसत नाही, म्हणून ते चालत नाही. बाकीचे लोक आदल्या रात्री गॅरेजमध्ये उकिडवे बसून कूलंट काढून पाणी भरत असतात. माझ्यापाशी आला की तपासणारा वाकून रेडिएटर शोधतो, सापडत नाही, मग त्या रकान्यावर काट मारून पुढे जातो.

फुकट मात्र काहीच मिळत नाही. पुढचा सिलिंडर मागच्याच्या वाऱ्यात आडवा उभा असल्यामुळे मागच्याला हवा कमी मिळते. त्यासाठी एक पंखा दिलाय. तो गाडी बंद करून किल्ली खिशात घातली तरी घुंऽऽ करत राहतो. दर वेळी कुणीतरी धावत येऊन सांगतं की तुझी गाडी चालू राहिली. जुलैच्या उन्हात ट्रॅकवर सोडायच्या रांगेत पाच मिनिटं उभं राहायला लागलं तर मी सरळ इंजिन बंद करतो. या जातीचं इंजिन पळताना सुखी असतं, उभं राहिलं की कावतं. (घरात माझ्याबद्दल हेच म्हणतात.)

आता हसण्याचं. सरळ पट्ट्यावर माझी अब्रू जाते, यात वाद नाही. कागदावर ९२ हॉर्सपॉवर, साडेसात हजार आरपीएमला खेळ खलास, गिअर पाचच. त्या आरपीएमला मागून येणाऱ्या सहाशे सीसीच्या जपानी गाड्यांचं कुठे पोट भरायला लागलेलं असतं. ओरडत येतात आणि निघून जातात. पहिल्या वर्षी मला फार लागायचं. पिट्समध्ये येऊन हेल्मेट काढायच्या आधीच मनात दुसरी गाडी घ्यायचे हिशेब सुरू व्हायचे.

मग त्या ट्रॅकवरचं कॅरोसेल नावाचं वळण यायचं. लांबलचक उजवं, संपतच नाही, गाडी आडवी करून धरून ठेवायची. तिथे ओरडणाऱ्या गाड्यांचे चालक गिअरचा विचार करत असतात. मी तिसऱ्यात. खालपासून पिकअप असल्यामुळे करायला काही उरतच नाही, फक्त मनगट थोडं थोडं उघडत जायचं. पट्ट्यावर जो पुढे गेला तो तिथे हळूहळू मोठा होत समोर दिसायला लागतो. तयार गटातले लोक तिथेही मला सहज मागे टाकतात, हेही सांगतो. पण माझ्या गटात, त्या एका वळणापुरता, मी बरा.

ही गाडी मला नेमकं काय शिकवून गेली ते पाचव्या वळणावर कळलं. उतारावरून मोठा वेग घेऊन यायचं, दाबून ब्रेक मारायचा आणि काटकोनात डावीकडे. ब्युएलची एक खोड तिच्यावर बसणाऱ्या सगळ्यांना माहीत असते: गाडी आडवी असताना पुढचा ब्रेक धरून ठेवला की ती उभी राहायला बघते. मला वाचून माहीत होतं, पण वाचलेलं हातात कुठे असतं? पहिल्याच वर्षी, दुपारच्या सत्रात, ब्रेक उशिरा मारला, घाबरलो, वळणात शिरतानाही लिव्हर सोडलाच नाही. गाडी शांतपणे उभी राहिली आणि सरळ चालायला लागली. डांबर संपलं, गवत आलं. पडलो नाही. गवतात धडधडत थांबलो तेव्हा पहिली गोष्ट लक्षात आली ती अशी की दोन्ही कोपर ताठ आहेत आणि हँडल मी असं आवळलंय की बोटं सुटत नाहीयेत.

चूक पूर्णपणे माझी होती. शिकवणाऱ्याने माझ्यामागून दोन फेऱ्या मारल्या आणि गाडीबद्दल चकार शब्द न काढता फक्त हातांबद्दल बोलला. गुडघ्यांनी गाडी धर, हात मोकळे सोड, ब्रेक एकदम सोडू नकोस, पिळलेलं फडकं सैल करतात तसा हळूहळू सोड (फडकं माझं, बाकी त्याचं). हँडल म्हणजे विरार लोकलचा दांडा नव्हे, हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं. टायर बदलल्यावर ती खोड आणखी कमी झाली, पण ऐंशी टक्के इलाज खांद्याखालीच होता.

मोठ्या ताकदीच्या गाडीवर हे मला कळलं नसतं, असं माझं मत आहे. तिथे वळणात घाबरून हळू झालं तरी बाहेर पडताना कान पिळला की हिशेब चुकता होतो, आणि मारलेल्या फेरीवर माणूस खूश. माझ्या गाडीत भरपाईची सोय नव्हती. वळणात घालवलेला वेग पट्टा संपेपर्यंत परत मिळायचा नाही.

याचा अर्थ हळू गाडीवर बसलं की आपोआप अक्कल येते, असा नाही. एक उन्हाळाभर मी हे तत्त्वज्ञान प्रत्येकाला ऐकवत फिरलो होतो. शेवटी बायको म्हणाली, नुकतंच साखर सोडलेल्या माणसासारखं बोलतोस. तेव्हा थांबलो. ज्याला शर्यतच मारायची आहे त्याने शर्यतीची गाडी घ्यावी, त्यात काय. मला राग आहे तो एवढ्याचाच, की जिथे बक्षीसच नाही तिथेही सगळ्यांनी जिंकणाऱ्याचीच गाडी आणायची, आणि ती घेईपर्यंत घरी बसायचं.

आणि वेगळं काही करणाऱ्याला आपण जगूही देत नाही. एरिक ब्युएल हा हार्लेमधून बाहेर पडलेला इंजिनिअर. ईस्ट ट्रॉय नावाच्या विस्कॉन्सिनमधल्या लहानशा गावात त्याने या गाड्या बनवल्या. १९९३ मध्ये हार्लेने त्यात ४९ टक्के भाग घेतला, पुढे सगळीच कंपनी घेतली, आणि ऑक्टोबर २००९ मध्ये बंद केली. माणूस परत उभा राहिला. २०१३ मध्ये त्याच्या नव्या कंपनीत ४९.२ टक्के भाग कुणी घेतला असेल? आपल्या हिरोने. स्प्लेंडरवाल्या हिरोने! मी तेव्हा ऑफिसात पेढे वाटायच्या बेतात होतो. २०१५ मध्ये तीही बुडाली. पेढे वाचले.

तर भाच्या, आता तुझ्या बुलेटचं. ती बुलेट नाही हे तुलाही माहीत आहे. ६४८ सीसी, ४७ हॉर्सपॉवर, ५२ न्यूटन मीटर, हवा आणि ऑइलवर थंड होणारं इंजिन. वजन दोनशे किलोच्या वर, ते जाणवणार. तिची फ्रेम ज्या हॅरिस परफॉर्मन्सबरोबर केली ती शर्यतीच्या फ्रेम बनवणारी इंग्लंडमधली जुनी मंडळी, २०१५ पासून रॉयल एनफिल्डचीच. आणि २०२१ पासून याच गाडीची कॉन्टिनेंटल जीटी कप नावाची शर्यत होते, कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर. तू ज्यांच्या हसण्याला घाबरतोस त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी ती बघितलेली असणार.

मेन स्टँड काढून टाक, डावीकडे आडवा झालास की पहिलं तेच घासेल. ब्रेक ऑइल नवीन भर, पॅड बघ, टायर सहा वर्षं जुने असतील तर बदल. एक्झॉस्टला हात लावू नकोस, आवाजाने कोण जोरात गेलंय! आरसी ३९० साठी बाजूला काढलेल्या पैशांतून सूट, बूट, ग्लोव्ह्ज आणि बॅक प्रोटेक्टर घे. माझं अंगावरचं सामान गाडीच्या निम्म्याहून महाग आहे. गवतातून चालत परत येताना त्याचा मला एका पैशाचाही पश्चात्ताप नव्हता.

पुणे ते चेन्नई बाराशे किलोमीटर. चालवत जाऊ नकोस, टेम्पोत टाक, चौघं मिळून करा. तिथला ट्रॅक ३.७ किलोमीटरचा आहे आणि त्यावर समोरून एसटी येत नाही. रविवारी पहाटे ताम्हिणीत आणि लवासाच्या रस्त्यावर तुम्ही जे करता ते मला इन्स्टावर दिसतं. तेव्हा तुला कुणी हसेल का, ही भीती नसते. वळणापलीकडे गुरं घेऊन चाललेला माणूस असतो.

वरचं सगळं भाच्याला आधीच वाचायला पाठवलं होतं. कालच त्याचा मेसेज आला, फक्त एक फोटो. पार्किंगमध्ये गाडी साइड स्टँडवर, शेजारी वर्तमानपत्रावर मेन स्टँड, दोन स्प्रिंगा आणि एक बोल्ट, ज्याचं डोकं त्याने पाना घसरवून गोल करून ठेवलंय. खाली लिहिलंय, "मामा, हसू नकोस."

आणि ताई, तू हे वाचत असशीलच. सूटचे पैसे मी देतोय. बाकीचं फोनवर बोलू, पण आधी त्याला जेवायला वाढ.