वरून घाल, टेकवू नको

आज दुपारी जारवाला पोरगा सहाव्या मजल्यावर जिना चढून आला. खांद्यावर २० लिटरचा जार. नवतपा सुरू आहे, बाहेर ४५ अंश. लिफ्ट चालू होती, पण आमच्या बिल्डिंगमध्ये दिवाळीपासून पाटी लागली आहे, सामान आणणाऱ्यांनी जिना वापरावा. जार खाली ठेवला आणि म्हणाला, "मॅडम, पाणी मिळेल का?" पाणी आणून देणाऱ्याला पाणी मागावं लागतं!

माझी चिडचिड ऐकून सुटीवर आलेला भाचा म्हणतो, "मावशी, तुला चूक वाटतं, त्यांना बरोबर वाटतं. सगळ्यांनी मिळून ठरवलं न ते? सगळ्यांना लागू होणारी नीती असं काही नसतंच." पुण्यात तत्त्वज्ञान शिकून राहिला तो. ह्यूम नावाचा तत्त्वज्ञही सांगितला मला. म्हणे 'आहे' यातून 'असायला हवं' निघत नाही.

तेव्हापासून डोकं भणभणतंय.

१९७८ सालची गोष्ट. मी सात वर्षांची, नागपूरजवळ काटोलकडे आजोळी. आजीनं हातात गडवा दिला, सालदाराला, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्याला, पाणी दे म्हणाली. "वरून घाल, टेकवू नको." तो उकिडवा बसला, ओंजळ तोंडाशी धरली. माझ्या बाबांच्या वयाचा माणूस. पाणी कोपरावरून गळत होतं, त्यानं एकदाही वर पाहिलं नाही. मला इतकी लाज वाटली की हात थरथरला. ती लाज मला कोणी शिकवली होती? त्या वाड्यात तर सगळ्यांच्या लेखी ते बरोबरच होतं.

आणि अस्पृश्यता बंद करणारं राज्यघटनेचं कलम १७ लागू होऊन तेव्हा २८ वर्षं झाली होती. कायदा चूक म्हणत होता, वाडा बरोबर म्हणत होता. मग काय, ते नागपुरात चूक आणि साठ किलोमीटरवर बरोबर होतं?

महाडची नगरपालिका १९२४ मध्येच म्हणाली होती की चवदार तळं सगळ्यांना खुलं. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आपल्या माणसांसह तिथलं पाणी प्याले. गावातल्या सवर्णांनी काय केलं? शेण-गोमूत्र ओतून तळं 'शुद्ध' केलं. त्यांनीही मिळूनच ठरवलं होतं न! समाज ठरवेल तीच नीती असेल, तर त्या दिवशी चुकले बाबासाहेब. जा, दीक्षाभूमीसमोर उभा राहून म्हण हे. मग आपण सुधारलो असंही म्हणता येणार नाही, नुसते बदललो म्हणावं लागेल.

हो, सावजी खावं की शाकाहारी राहावं, लग्न कोणत्या पद्धतीनं करावं, हे ज्याचं त्यानं पाहावं. आणि खरी नीती आम्हालाच कळते म्हणत गोऱ्यांनी देशच्या देश लुटले, हेही मान्य. पण ती लूट चूक होती, हे तरी तू कशाच्या जोरावर म्हणतो?

आजी वाईट नव्हती हो. उन्हाळ्यात अंगणात चिमण्यांसाठी परळात पाणी ठेवायची. चिमण्या त्यात चोच बुडवायच्या. त्यांना कोणी वरून घालत नव्हतं. हे इतक्या वर्षांत आज, टाइप करताना लक्षात आलं आणि रडूच आलं.

संध्याकाळी भाच्याला गडव्याची गोष्ट सांगितली. वाद घातला नाही त्यानं. बराच वेळ गप्प बसला, मग विचारलं, "त्यांचं नाव काय होतं?"

मला माहीत नाही. सगळे त्याला सालदारच म्हणत.

आणि ती पाटी दिवाळीपासून मी रोज वाचत होते, रोज लिफ्टनं वर येत होते. बिल्डिंगच्या कमिटीतले तिघे इथे माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये आहेत, वाचत असाल. परवा पुन्हा जार येईल. मी खाली थांबणार आहे, तो माझ्यासोबत लिफ्टनं येईल. ज्यांना काही म्हणायचं असेल त्यांनी खालीच या.