सॅन डिएगोच्या मतदारांनी हॉटेल करवाढ फेटाळली नव्हती

‘कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगोच्या मतदारांनी २०२० मध्ये हॉटेल करवाढ फेटाळली. वर्षभराने सिटी कौन्सिलने नियम फिरवला आणि पडलेला प्रस्ताव मंजूर झाल्याचं जाहीर केलं. पैसा जाणार हॉटेलवाल्यांच्या खिशात आणि भुर्दंड पडणार शहरातल्या माणसाला.’ १ मे २०२५ पासून वाढीव कर लागू झाला आणि हा युक्तिवाद पुन्हा जोरात फिरू लागला. लोकांच्या मताची चोरी झाली, असा गंभीर आरोप त्यात आहे, म्हणून त्याला मुद्देसूद उत्तर द्यायला हवं.

आधी ‘फेटाळली’ हे पाहू. ३ मार्च २०२० ला ‘मेझर सी’वर, म्हणजे या करवाढीच्या प्रस्तावावर, मतदान झालं. ६५.२४ टक्के मतं बाजूने पडली. दर तिघांपैकी जवळपास दोघांनी होकार दिला. आपल्याकडे हॉटेलच्या खोलीवरचा कर जीएसटी परिषद ठरवते, तिथे तो थेट मतपत्रिकेवर येतो; आणि आला तेव्हा शहराने भरघोस पाठिंबा दिला. मतं कमी पडली ती मतदारांना सांगितलेल्या दोन तृतीयांशाच्या अटीला, म्हणजे ६६.६७ टक्क्यांना, आणि तीही दीड टक्क्याच्या आत. प्रस्ताव पडला की नाही हा कायद्याचा प्रश्न होता. लोकांनी नाकारला, हे म्हणणं मात्र सरळसरळ खोटं आहे.

आता ‘नियम फिरवला’. खरा वाद इथेच आहे. कॅलिफोर्नियात एखाद्या ठरावीक कामासाठी स्थानिक कर लावायचा, तर दोन तृतीयांश मतं लागतात. ही अट राज्यातल्या मतदारांनीच मंजूर केलेल्या १९७८ च्या ‘प्रपोझिशन १३’मधून आली आणि १९९६ च्या ‘प्रपोझिशन २१८’ने पक्की झाली. पण ती स्थानिक सरकार कर लावतं तेव्हाची. नागरिकांनी सह्या गोळा करून प्रस्ताव मतपत्रिकेवर आणला तर? २०१७ मध्ये अपलंड शहराच्या खटल्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की ‘प्रपोझिशन २१८’मधली सरकारवरची बंधनं नागरिकांच्या प्रस्तावाला आपोआप लागू होत नाहीत. तो खटला मतदान कधी घ्यायचं याबद्दलचा होता, त्यामुळे किती मतं लागतात हा प्रश्न तसाच राहिला. सॅन फ्रान्सिस्कोत बेघरांसाठी मोठ्या कंपन्यांवर लावायच्या कराला २०१८ मध्ये सुमारे ६१ टक्के मतं पडली होती. २०२० मध्ये अपील न्यायालयाने तेवढी पुरेशी ठरवली आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घातला नाही. त्यानंतर, एप्रिल २०२१ मध्ये, सॅन डिएगोच्या कौन्सिलने ‘मेझर सी’ मंजूर झाल्याचा ठराव केला. नियमाचा अर्थ न्यायालयांनी लावला होता, कौन्सिल त्यामागून गेलं.

विरोधकांची एक तक्रार मात्र रास्त आहे. मतदारांना दिलेल्या माहितीत दोन तृतीयांश मतं लागतील असं लिहिलेलं होतं. ते वाचून ज्याने विरोधात मत दिलं, त्याला नंतरचा ठराव खुपणारच. त्याची समजूत ‘कोर्टाने सांगितलं’ एवढ्यावर पटणार नाही, आणि शहराने हे स्पष्टपणे मान्य करायला हवं. पण चुकीची अट छापली म्हणून ती अट कायदा होत नाही.

विरोधकांचा दुसरा आक्षेप होता, की प्रस्ताव नावालाच नागरिकांचा आहे, त्यामागे महापौर आणि पर्यटन उद्योग उभे आहेत. हा आक्षेप कोणी झटकून टाकला नाही. २०२३ मध्ये अपील न्यायालयाने नेमका हाच प्रश्न तपासायला खटला खालच्या न्यायालयाकडे परत पाठवला आणि तिथे निकाल शहराच्या बाजूने लागला. चोरीच करायची असती तर कौन्सिलने २०२१ पासूनच वसुली सुरू केली असती. प्रत्यक्षात वाढीव कर यायला मतदानानंतर पाच वर्षं लागली.

‘पैसा हॉटेलवाल्यांना’ यात तथ्याचा अंश आहे, पण निम्मी गोष्ट गाळलेली आहे. वाढीव उत्पन्नाचा ५९ टक्के वाटा कन्व्हेन्शन सेंटरला, म्हणजे संमेलनं-प्रदर्शनं भरवायच्या केंद्राला जातो, तेच सेंटर जिथे दर जुलैत कॉमिक-कॉन हा कॉमिक्सप्रेमींचा मेळा भरतो. तिथे गर्दी झाली की हॉटेलं भरतात, हे खरं. उरलेले ४१ टक्के पहिली पाच वर्षं बेघरांसाठी आहेत. पुढे त्यातले ३१ बेघरांना आणि १० रस्त्यांना. ज्या शहरात घरभाडं परवडत नाही म्हणून लोक तंबूत आणि गाडीत राहतात, तिथे हे ४१ टक्के न सांगता फक्त ५९ सांगणं मला अप्रामाणिक वाटतं. कन्व्हेन्शन सेंटरला एवढा वाटा का, असा वाद जरूर घाला, मीही त्यात उतरेन. पण तो वाद खर्चाचा आहे, मतदानाच्या वैधतेचा नाही.

राहिला भुर्दंड. हा कर महिन्यापेक्षा कमी मुक्कामाच्या खोलीवर लागतो, घरभाड्यावर नाही. आधी दर १०.५ टक्के होता. आता कन्व्हेन्शन सेंटरजवळ १३.७५, त्याहून लांब १२.७५ आणि सर्वांत दूरच्या भागात ११.७५. दोनशे डॉलरच्या खोलीवर सेंटरजवळ साडेसहा डॉलर जास्त, शहराच्या टोकाला अडीच. मतदान झालं तेव्हा लॉस एंजेलिसचा दर १४ टक्के होता आणि डिस्नेलँडच्या अनाहाइमचा १५.