अंग ताठ झालं म्हणून कुणाला आरोपी करू नका

घरात अचानक कुणी गेलं की पोलीस यायच्या आधीच गल्लीचा निकाल लागलेला असतो. "एवढ्यात अंग ताठ झालं? काहीतरी खायला घातलंय नक्की." मी न्यायवैद्यक विभागात काम करते. असं एक वाक्य एखाद्या सुनेला जन्मभर चिकटतं, म्हणून हे लिहितेय.

स्नायूत अ‍ॅक्टिन आणि मायोसिन नावाचे तंतू असतात. ते एकमेकांना धरतात, सोडतात. सोडायला एटीपी, म्हणजे पेशींना ऊर्जा पुरवणारं रसायन, लागतं. श्वास थांबला की नवीन एटीपी बनणं थांबतं आणि शिल्लक संपली की तंतू धरलेल्या अवस्थेतच अडकतात. हेच मरणोत्तर काठिण्य, म्हणजे रिगर मॉर्टिस. पुढे कुजण्याची क्रिया सुरू झाली की तंतूच तुटतात आणि अंग पुन्हा सैल पडतं. यात पापही नाही, पुण्यही नाही.

आपल्या हवेत साधारण 1 ते 2 तासांत पापण्या आणि जबडा आखडू लागतो, मग मान, हात, पाय. म्हणून तर घरातल्या जाणत्या बायका रडणं बाजूला ठेवून आधी डोळे मिटतात, हनुवटीखालून फडकं बांधतात, पायांचे अंगठे एकत्र बांधतात. उशीर झाला की जबडा मिटत नाही, हे त्यांना पक्कं माहीत असतं.

पुस्तकात 12-12-12 चा ठोकताळा आहे: 12 तासांत पूर्ण ताठ, 12 तास तसंच, पुढच्या 12 तासांत सैल. पण विदर्भातला मे महिना आणि शवपेटीतली थंडी यांना एकच घड्याळ कसं लागू होईल? उन्हाळ्यात सगळंच भराभर उरकतं, थंडीत रेंगाळतं. तापाने फणफणलेला, फिट येऊन गेलेला किंवा मरणाआधी जिवाच्या आकांताने पळालेला माणूस लवकर ताठ होतो. कुचल्याच्या विषानेही होतो, कारण त्यात झटके येतात. मग नुसत्या ताठरपणावरून विष कसं ठरवणार?

जळालेल्या देहाबाबत तर फार अन्याय होतो. कोपर, गुडघे वाकलेले, मुठी आवळलेल्या. नातेवाईक म्हणतात, "शेवटपर्यंत झगडली हो ती." आचेने स्नायूंतली प्रथिनं गोठतात आणि दणकट स्नायू सांधे वाकवतात. आधी मारून मग जाळलं तरी हीच ठेवण दिसते. आग लागली तेव्हा श्वास चालू होता का, हे श्वासनलिकेतली काजळी आणि रक्तातला कार्बन मोनॉक्साइड सांगतो.

"रात्री सव्वादोनला मृत्यू" असं चॅनेलवर ठामपणे सांगतात, तेव्हा मला खरंच संताप येतो. काठिण्यावरून आम्ही तासांचा अंदाज देतो, मिनिटं नाही. तोही इतर खुणा जोडून.

पंचनामा करणाऱ्या पोलीस बांधवांना एक विनंती. नुसतं "बॉडी ताठ" लिहू नका. किती वाजता पाहिलं, जबडा, मान, कोपर, गुडघा यांपैकी काय आखडलं होतं, खोलीत पंखा होता की एसी, अंगावर कपडे किती होते, तेवढं टिपा. आणि उचलताना कुणी हात-पाय ओढून सरळ केले असतील तर तेही लिहा. पूर्ण ताठलेला सांधा एकदा जोर लावून मोडला की तो पुन्हा आखडत नाही, आणि टेबलावर आमच्यापुढे सैल हात येतो.