स्पूल टेपरेकॉर्डर भंगारात देण्यापूर्वी

जुन्या स्पूल टेपरेकॉर्डरबद्दल एक मजकूर सगळीकडे फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: “टाकून दिलेलं मशीन हाती आलं तर प्लग लावून बघा. स्पूल फिरले नाहीत तर मोटर गेली म्हणून समजा. हेड (टेपवरचा आवाज वाचणारा भाग) झिजलेलंच असतं, सगळे कंडेन्सर (वीज साठवणारे भाग) बदलावे लागतात, पार्ट मिळत नाहीत, आणि इतक्या वर्षांनी टेपवर आवाजही उरत नाही. काही उरलाच तर डिजिटल करून घ्या. मशीन शोभेला ठेवा नाहीतर भंगारात द्या.” असल्या सल्ल्यापायी दुरुस्त होण्यासारखी मशीनं कचऱ्यात जाताहेत, म्हणून हे उत्तर.

सर्वात घातक वाक्य पहिलंच आहे. वर्षानुवर्षं बंद पडलेल्या मशीनला थेट प्लग लावणं ही तपासणी नव्हे. इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरच्या आत ऑक्साइडचा एक पातळ थर असतो. नुसतं पडून राहिल्याने तो कमकुवत होतो आणि एकदम पूर्ण व्होल्टेज आलं की कंडेन्सर तापतो, कधी फुटतोही. मेन्सच्या बाजूला बसवलेल्या काही जुन्या कागदी कंडेन्सरांच्या पारदर्शक कवचाला तडे जातात, आत दमट हवा शिरते आणि प्लग लावल्यावर थोड्याच वेळात धूर निघतो. म्हणजे मशीन धड होतं की नाही हे कळायच्या आत त्या परीक्षेनेच ते बिघडवलेलं असतं.

आधी प्लग न लावता झाकण उघडा. फुगलेले कंडेन्सर, करपलेले रेझिस्टर, तुटकी वायर, चुकीचा फ्यूज बघा. व्होल्टेज सिलेक्टर ११० वर आहे की २२० वर, तेही बघा. मग मशीनच्या सिरीजमध्ये, म्हणजे वीज बल्बमधून जाऊनच मशीनला मिळेल अशा जोडणीने, ६० किंवा १०० वॉटचा तारेचा बल्ब लावून वीज द्या (एलईडी बल्बचा इथे उपयोग नाही). बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. भक्क पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे; लगेच बंद करा. सिरीज बल्बवर मोटर पूर्ण वेगाने फिरेल अशी अपेक्षा मात्र ठेवू नका. आणि व्हॉल्व्हचं (काचेच्या नळ्यांचं) मशीन असेल तर प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्ये शेकडो व्होल्ट साठलेले असू शकतात. ते डिस्चार्ज करायची सवय नसेल तर जाणकार माणूस शेजारी हवाच.

आता मोटर. स्पूल फिरले नाहीत की खापर तिच्यावर फुटतं, पण बहुतेक वेळा दोषी असतं ते ग्रीस. कारखान्यात लावलेलं मऊ ग्रीस काही दशकांत सुकलेल्या डिंकासारखं कडक होतं. प्लेचा लिव्हर अर्ध्यावर अडतो, मोटरची गती पुढे नेणारं आयडलर चाक तिच्या पुलीपर्यंत पोचतच नाही, आणि मोटर बिचारी आत एकटीच फिरत राहते. अशा वेळी लिव्हरवर जोर लावला तर जुना पत्रा वाकतो. लिव्हर ज्या खिळ्यावर फिरतो त्याच्या टोकाची सर्क्लिप (अडकवलेली छोटी कडी) काढा, खिळ्याच्या बुडाशी आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन-तीन थेंब सोडा, थांबा, लिव्हर बोटाने किंचित पुढे-मागे करा, पुन्हा थेंब सोडा. घट्ट तपकिरी मेण कडेने बाहेर येऊ लागतं. पुसत राहिलं की एका क्षणी लिव्हर सैल होऊन आपल्या स्प्रिंगने जागेवर परततो. खिळा आणि भोक दोन्ही लखलखीत पुसून नवं ग्रीस अगदी किंचित लावायचं. या कामात घाई केली की पार्ट गेला. वरून स्प्रे मारून “सैल” करण्याचा मार्ग तर धरूच नका: तो स्प्रे रबरावर आणि कॅपस्टनवर (टेप ओढणाऱ्या दांडीवर) उडतो आणि टेप घसरायला लागते.

मोटर नुसती घुमते पण उचलत नाही, आणि हलका धक्का दिला की फिरू लागते, असं असेल तर बहुधा तिचा रन कंडेन्सर (मोटरला फिरायला मदत करणारा) गेलेला असतो, मोटर शाबूत. मशीन संथ चालतंय आणि सगळे आवाज घोगरे येताहेत तर फ्रिक्वेन्सी तपासा. ६० हर्ट्झसाठी बनवलेली साधी एसी मोटर ५० हर्ट्झवर साधारण पाच-षष्ठांश वेगाने फिरते. त्याला बहुतेकदा वेगळ्या मापाची पुली लागते, नवी मोटर नाही.

“हेड झिजलेलंच असतं” हेही सरसकट खरं नाही. हेडमधली फट काही मायक्रॉनांची असते, तिच्यावर टेपची तपकिरी भुकटी बसली की आधी वरचे सूर जातात. लोक तो मंद आवाज ऐकून हेड बाद ठरवतात. आधी कापसाच्या काडीला अल्कोहोल लावून पुसा, मग ठरवा. जपानच्या अकाई कंपनीच्या जीएक्स मशीनांतली काच-फेराइट हेड तर झिजायला फार चिवट असतात.

कंडेन्सर सगळेच्या सगळे बदलू नयेत असं माझं ठाम मत आहे. धोक्याचे आणि मोजून खराब निघालेले बदला. फिल्म (प्लास्टिकच्या पातळ पडद्याचे) कंडेन्सर बहुधा ठणठणीत असतात, आणि प्रत्येक अनावश्यक सोल्डरिंगबरोबर जुन्या बोर्डाची तांब्याची पट्टी उखडायचा धोका वाढतो. पार्टांचं म्हणाल तर विशिष्ट हेड मिळणं खरंच अवघड आहे, ते मान्य. पण बेल्ट मापावर मिळतात, पिंच रोलरला (टेप कॅपस्टनवर दाबणाऱ्या चाकाला) नवं रबर चढवून मिळतं, आणि कोरी टेप फ्रान्स व अमेरिकेत आजही बनते.

“टेपवर आवाज उरत नाही” याला उत्तर १९३६ सालचं आहे. जर्मनीतल्या लुडविग्सहाफेनमध्ये बीएएसएफ कंपनीच्या सभागृहात संचालक थॉमस बीचम यांच्या लंडन फिलहार्मोनिक वाद्यवृंदाचं वादन टेपवर उतरवलं गेलं. त्याचे तुकडे आजही ऐकता येतात. कपाटात ठेवलेल्या टेपचं चुंबकत्व सहसा विरत नाही, बिघडतो तो भुकटी धरून ठेवणारा चिकट थर. १९७० च्या दशकाच्या मध्यापासूनच्या काही टेपांमध्ये हा थर ओलावा शोषतो, टेप हेडवर किंचाळते आणि राळेसारखा मळ सोडते. अशी टेप तत्काळ थांबवा. नियंत्रित उष्णतेत, साधारण ५४ अंश सेल्सियसला, आठ तास किंवा अधिक ठेवली की ती काही आठवडे वाजवण्याजोगी होते. पण अ‍ॅसिटेटची (जुन्या प्रकारच्या प्लास्टिकची) टेप कधीही तापवू नये. गुंडाळलेला स्पूल उजेडासमोर धरल्यावर प्रकाश आरपार दिसला तर ती बहुधा अ‍ॅसिटेटची.

राहिलं “डिजिटल करून घ्या”. जरूर घ्या, पण त्यालाही चालू मशीन लागतं, आणि त्याचं हेड टेपच्या ट्रॅकांशी (आवाज भरलेल्या पट्ट्यांशी) जुळावं लागतं. दोन्ही बाजूंनी भरलेली चार ट्रॅकची टेप दोन ट्रॅकच्या हेडवर लावली तर एका बाजूच्या बोलण्यात दुसऱ्या बाजूचं उलटं बोलणं मिसळून येतं. मशीन जुळलं तरी रेकॉर्डिंग सुरू करण्याआधी हेडचा अझिमथ स्क्रू (हेडचा टेपशी असलेला कोन बदलणारा) त्या टेपसाठी लावून घ्यावा. बोलण्याची टेप लावा आणि ‘स’ व ‘श’ कडे कान द्या. स्क्रू केसभर फिरवताना हे उच्चार बोथट होतात, मग धारदार, मग पुन्हा बोथट. मधल्या धारदार जागेवर थांबायचं. मागची सरसर नंतर सॉफ्टवेअरने बरीच कमी करता येते. पण वाकड्या हेडने मुळात उचललेच नाहीत ते वरचे सूर फाइलमध्ये नसतातच, म्हणून टेप त्याच मशीनवर पुन्हा लावावी लागते, तोवर ते भंगारात गेलं नसेल तर.