‘लाइन गेली म्हणजे तार मेली’: ग्रुपवर फिरणाऱ्या मजकुराला उत्तर

वादळवाऱ्याचे दिवस आले की विदर्भातल्या गावागावांच्या ग्रुपवर एक मजकूर फिरू लागतो. ‘शेतकरी बांधवांनो, लाइन गेली तर वाट पाहत बसू नका’ अशी सुरुवात आणि खाली पाच सल्ले. लाइन गेली म्हणजे तार मेली, तेव्हा तुटलेली तार वाळल्या काठीनं बाजूला करा. डीपीवरचा (गावातल्या रोहित्रावरचा) फ्यूज गावातल्याच जाणत्या पोराकडून टाकून घ्या. जनरेटर असेल तर सरळ घरातल्या सॉकेटला जोडा. शॉक लागलेल्या माणसाला गळ्यापर्यंत मातीत पुरा. आणि तक्रार करण्याच्या भानगडीत पडू नका, काही होत नाही.

यामागचा राग खरा आहे. एकेका वायरमनकडे अनेक गावं असतात, वादळाच्या रात्री त्याचा फोन लागत नाही. हरभऱ्याच्या ओलिताची पाळी रात्रीची येते. वरूड-मोर्शीकडे ऐन मे महिन्यात बोअर बंद पडली की संत्र्याच्या आंबिया बहाराची फळं गळायला लागतात. एवढं सगळं मान्य करूनही सांगतो, पहिले चार सल्ले जीव घेणारे आहेत आणि पाचवा माणसाला त्या चारांकडे ढकलणारा आहे.

‘तार मेली’ हे सगळ्यात घातक, म्हणून त्यावर जरा थांबतो. घरातला बल्ब विझला याचा अर्थ एवढाच की तुमच्या घरापर्यंत वीज पोचत नाही. वावरातून जाणारी अकरा हजार व्होल्टची तार कोणत्या अवस्थेत आहे, हे बल्ब सांगू शकत नाही. गावठाणाचा फिडर (सबस्टेशनमधून निघणारी लाइन) वेगळा असतो, शेतीचा वेगळा. गावात अंधार असताना वावरातली लाइन चालू असू शकते. तार तुटून पडली की सबस्टेशनमधला ब्रेकर (बिघाड होताच लाइन तोडणारा स्विच) पडेलच, असंही नाही. कोरडा मुरूम, खडकाळ बांध, सिमेंटचा रस्ता यांवर तार पडली तर जमिनीत जाणारा प्रवाह इतका कमी असतो की यंत्रणेला तो बिघाड कळतच नाही. ठिणगी नाही, आवाज नाही, तार मात्र जिवंत. समजा ब्रेकर पडला, तरी ऑपरेटर फिडर पुन्हा चालू करून ट्रायल घेतो, कारण पुष्कळदा फांदी घासून गेलेली असते आणि लाइन टिकते. तुम्ही तारेपाशी उभे आहात हे सबस्टेशनमध्ये बसलेल्या माणसाला कसं कळणार?

वाळल्या काठीचा भरवसाही सोडा. घरातल्या व्होल्टेजला खरोखर कोरडं लाकूड कधी तारून नेतं. अकरा हजाराला नाही, आणि पावसात भिजलेला बांबू तर नाहीच. शिवाय हात न लावताही शॉक बसतो. तार पडलेल्या जागेपासून जमिनीत वीज पसरते आणि दूर जाईल तसा तिचा दाब उतरत जातो. दोन पावलांत अंतर असलं की एका पायातून शिरून दुसऱ्यातून निघते. बैलांचे पुढचे आणि मागचे पाय एकमेकांपासून लांब असतात, म्हणून आधी जोडी कोसळते, आणि मालक कासरा सोडवायला धावतो तो तिथंच पडतो. बैल पडलेला दिसला तर पुढे जाऊ नका. हे लिहायला सोपं आहे, घरच्या जोडीच्या बाबतीत पाळायला फार कठीण आहे, हे मला माहीत आहे. तरीही जाऊ नका. किमान तीस-पस्तीस फूट लांब राहा, दोन्ही बाजूंनी माणूस उभा करून वाट अडवा. जवळ गेलाच असाल तर पाय जोडून, जमिनीवरून न उचलता, घसटत मागे या. ट्रॅक्टरवर तार पडली तर वरच बसून राहा. आग लागली तरच उतरायचं, तेही दोन्ही पाय जोडून लांब उडी मारून. एक हात ट्रॅक्टरवर आणि एक पाय जमिनीवर, असं क्षणभरही होऊ देऊ नका. तारेचं कुंपण, टिनाचं छप्पर, ओला बांध यांना पडलेली तार टेकली असेल तर धोका कुंपणाच्या दुसऱ्या टोकापर्यंत जातो.

दुसरा सल्ला डीपीचा. डीपीच्या खालच्या पेटीतले किटकॅट (फ्यूज) काढले तरी वरच्या बाजूला अकरा हजार उभेच असतात, आणि बांबूनं डीओ (अकरा हजाराच्या बाजूचा फ्यूज) पाडणं किंवा चढवणं म्हणजे हात थेट त्या अकरा हजाराकडे नेणं. लाइनमन आधी सबस्टेशनकडून परमिट (लाइनवर काम करण्याची परवानगी) घेतो, लाइन बंद करून घेतो, ती तपासतो, तार जमिनीला जोडून अर्थिंग करतो आणि मगच चढतो. गावातल्या पोराकडे यातलं काहीच नसतं, हिंमत तेवढी असते. आणखी एक नुकसान सगळ्या गावाचं आहे. फ्यूज उडतो तो डीपी वाचावी म्हणून. त्याजागी जाड तार गुंडाळली की पुढच्या वेळी फ्यूज उडत नाही, रोहित्रच जळतं. मग तासाभराचा अंधार कित्येक दिवसांवर जातो.

स्वतः तपासायचं ते घरात तपासा. शेजाऱ्याकडे लाइट आहे का? मीटरचा डिस्प्ले चालू आहे का? चालू असेल तर बिघाड मीटरच्या अलीकडे, तुमच्याच घरात. एमसीबी (बिघाड झाला की आपोआप पडणारा स्विच) पडला आहे का ते पाहा. चालू-बंद अशी घरं आलटून-पालटून दिसत असतील तर बहुधा एक फेज गेला आहे. शेतीपंप बंद असेल तर आधी फिडरचं वेळापत्रक पाहा. आपली पाळी नसेल तर तो बिघाड नव्हे. एका घरात बल्ब डोळे दिपवतोय आणि दुसऱ्यात मिणमिणतोय, असं दिसलं तर न्यूट्रल (वीज परत नेणारी तार) तुटल्याची दाट शक्यता आहे. ताबडतोब मेन स्विच बंद करा आणि शेजाऱ्यांनाही सांगा.

जनरेटर सॉकेटला जोडण्याबद्दल थोडक्यात. घरातली वीज सर्व्हिस वायरमधून उलटी डीपीत जाते, तिथं तिचे हजारो व्होल्ट होतात, आणि लाइन बंद समजून खांबावर चढलेला लाइनमन मरतो. जनरेटर लावायचा तर चेंजओव्हर स्विच (एका वेळी लाइन किंवा जनरेटर, एकच जोडणारा) बसवूनच. रानडुकरांसाठी कुंपणात चोरून वीज सोडणाऱ्यांनीही हे ऐकावं. लाइन गेलेली असताना निर्धास्त वाटणारं कुंपण ती परतल्या क्षणी जिवंत होतं. वाघ मेले, रानडुकरं मेली, सकाळी पाण्याच्या पाळीला निघालेली माणसंही मेली आहेत.

मातीत पुरण्याचा समज जुना आहे आणि त्यामागे माया आहे, म्हणून कठोर शब्द वापरवत नाहीत. पण शॉकनं हृदय थांबलं असेल तर मिनिटा-मिनिटाला मेंदू मरत असतो, आणि खड्डा खणण्यात नेमकी तीच मिनिटं जातात. माती शरीरातली वीज ओढून घेत नाही, कारण प्रवाह तुटल्यावर शरीरात वीज उरलेलीच नसते. आधी मेन बंद करा. बाहेरची तार असेल तर लाइन बंद झाल्याची खात्री होईपर्यंत अंगाला हात लावू नका. मग १०८ ला फोन लावा. श्वास चालत नसेल तर छातीच्या मधोमध दोन्ही तळहात ठेवून जोरात आणि भराभर दाबत राहा, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, ॲम्ब्युलन्स येईपर्यंत. माणूस उठून बसला तरी दवाखान्यात न्याच. हृदयाची लय नंतरही बिघडू शकते.

राहिली तक्रार. ‘सारं गाव अंधारात आहे, कोणीतरी केलीच असेल’ असं प्रत्येकजण धरून चालतो आणि कोणीच करत नाही. वायरमनला केलेल्या फोनची कुठे नोंद होत नाही. १९१२ वर, किंवा महावितरणच्या १८००-२१२-३४३५ आणि १८००-२३३-३४३५ या टोल फ्री क्रमांकांवर नोंद होते. बिलावरचा बारा अंकी ग्राहक क्रमांक हाताशी ठेवा. तार तुटली असेल तर तेच पहिलं वाक्य असू द्या: तार पडली आहे, अमुक गाव, अमुक डीपी, अमुक वावराजवळ. खांबावर क्रमांक असेल आणि लांबून वाचता आला तर तोही सांगा. तक्रार क्रमांक मागून वेळेसह लिहून ठेवा. विद्युत कायदा २००३ च्या कलम ५७ मध्ये सेवेची मानकं आणि ती मोडल्यास भरपाई आहे, पण तक्रार कधी झाली हेच सिद्ध करता आलं नाही तर उशीर मोजायचा कुठून? दाद मिळाली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच आहे, त्यावर विद्युत लोकपाल, आणि त्यांचं एक कार्यालय नागपूरलाच आहे. माणूस किंवा जनावर दगावलं तर कलम १६१ नुसार अपघाताची माहिती विद्युत निरीक्षकाकडे जावी लागते. लाइन बंद झाल्यावरही पंचनाम्याआधी तार, खांब, जनावर हलवू नका, फोटो काढून ठेवा, आणि पशुवैद्यकाकडून शवविच्छेदनाचा कागद घ्या.