न केलेली ऑपरेशनं

परवा गावात अण्णांचा सत्कार झाला. यंदा त्यांना सत्तर पूर्ण झाली आणि त्यांनी आपणहून ऑपरेशन थिएटरचं दार लावून घेतलं, त्यानिमित्त. शाल, श्रीफळ, फेटा, सगळं लोकांनी मनापासून केलेलं. बोलायला उठलेल्या प्रत्येकानं अण्णांनी किती ऑपरेशनं केली, कसं रात्री-अपरात्री उठून केली, कुणाकुणाला मरणाच्या दारातून ओढून आणलं ते सांगितलं. सगळं खरं आहे. ऐकताना माझा ऊर भरून येत होता. तरी सारखं वाटत होतं, आता कुणीतरी उठेल आणि अण्णांनी न केलेल्या ऑपरेशनांबद्दल बोलेल. कुणी उठलं नाही. म्हणून मीच लिहितेय. लांबलं तर सांभाळून घ्या.

अण्णा म्हणजे माझे वडील. बालाघाटाच्या डोंगरातल्या एका तालुक्याच्या गावचे जनरल सर्जन. अंबाजोगाईचं मेडिकल कॉलेज 1974 साली निघालं, त्याच्या अगदी सुरुवातीच्या तुकड्यांमधले. घरात त्याआधी मॅट्रिकच्या पुढं कुणी गेलेलं नव्हतं. कॉलेज खेड्याजवळ आलं म्हणून कोरडवाहू शेतकऱ्याचं पोरगं डॉक्टर झालं, नाहीतर कुठलं, असं ते अजून म्हणतात. पुढं औरंगाबादला घाटीत, म्हणजे तिथल्या सरकारी मेडिकल कॉलेजात, एमएस केलं आणि 1984 साली परत येऊन दवाखाना टाकला. खाली दवाखाना, वर आम्ही.

तालुक्याच्या सर्जनला तेव्हा सगळंच करावं लागायचं. बैलानं शिंग खुपसून पोट फाडलेलं, मळणीयंत्रात हात गेलेला, टायफॉइडनं आतड्याला छिद्र पडलेलं, हर्निया, मूतखडा, गळवं. लाईट गेली की कंपाउंडरमामा बॅटरी धरून उभे. रक्त लागलं की नातेवाइकांची जीप अंबाजोगाईला पळायची. यावर परवा पुष्कळ जण बोलले, मी ते पुन्हा सांगत नाही.

मला सांगायचंय ते हाताचं. पोट दुखतंय म्हणून लेकरू आणलं की अण्णा आधी दोन्ही तळवे एकमेकांवर चोळायचे. ऊन झालेला हात मगच पोटावर ठेवायचे. गार हात लागला की पोट आपोआप आखडतं आणि खरं काय ते कळत नाही. हात ठेवून लेकराशी गप्पा मारत बसायचे, शाळेत बाई कोण आहेत, घरी शेरडं किती आहेत. डोळे मात्र त्याच्या चेहऱ्यावर. अपेंडिक्सचा संशय आला तर दर दोन तासांनी पुन्हा तोच हात, तीच जागा. बाहेर बाप घायकुतीला आलेला असायचा. "सायेब, काय आसंल ते कापून मोकळं करा." अण्णा म्हणायचे, "सकाळपर्यंत बघू." तेव्हा आमच्या गावात सोनोग्राफी नव्हती. त्या रात्री ते वर झोपायला यायचे नाहीत, वॉर्डाबाहेरच्या बाकड्यावरच पडायचे. कित्येक लेकरांची पोटं सकाळी मऊ पडलेली असायची. पोटातल्या गाठी सुजलेल्या असायच्या, जंत असायचे, कधी नुसती कच्ची बोरं. लेकरू चहा-बिस्किट खाऊन बापाच्या खांद्यावर बसून घरी जायचं. आणि पोट दगडासारखं कडक राहिलं, तर त्याच मिनिटाला टेबलावर. तिथं अण्णांनी कधी घड्याळ पाहिलं नाही.

अशी रात्रभर जागून टाळलेल्या ऑपरेशनचे पैसे किती मिळतात? तपासणीचे तेवढे. कापलं असतं तर कितीतरी पट. सर्जनला हा हिशेब रोज दिसत असतो, पेशंटला तो कधीच दिसत नाही. त्यात भर कटची. खेड्यातल्या डॉक्टरनं पेशंट पाठवला की बिलातला वाटा त्याला पोचवायचा, याला आमच्याकडं सरळ कट म्हणतात. ऑपरेशनच झालं नाही तर वाटा द्यायचा कशातून? म्हणजे पाठवलेला माणूस कापावाच लागतो. अण्णांनी पहिल्याच वर्षी सांगून टाकलं, कट देणार नाही. पेशंट आटले. तीन-चार वर्षं फार ओढाताणीत गेली. थिएटरचे हिरवे कपडे आईनं घरच्या मशीनवर शिवले, स्टोव्हवर औजारं उकळली, आणि एका दिवाळीला आम्हा दोघा भावंडांचे कपडे एकाच ताग्यातून निघाले. आईनं त्याबद्दल तेव्हा किंवा नंतर एक शब्द काढला नाही. सत्काराचा अर्धा फेटा तिचा आहे, हे मी माझ्या वतीनं इथं लिहून ठेवते.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते.

बीड जिल्ह्यात वाढलेल्या कुणालाही 'पिशवी काढली' हे शब्द नवे नाहीत. पिशवी म्हणजे गर्भाशय. दसरा-दिवाळी झाली की आमच्या भागातून ऊसतोडीला कोयते निघतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, आधीच घेऊन खर्चलेली असते, ती फिटेपर्यंत पाच-सहा महिने पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात, उसाच्या फडात. अंधारात उठून भाकरी थापायच्या, मग तोडणी, मग मोळ्या डोक्यावर घेऊन गाडी भरायची. पाळी आली म्हणून बसता येत नाही, खाडा झाला की पैसे कापले जातात. खोपीजवळ संडास नाही, धुवायला पाणी नाही. मग अंगावरून पांढरं जातं, ओटीपोट दुखतं, कंबर धरते. हे बहुतेक वेळा गोळ्यांनी बरं होणारं दुखणं. पण कुठल्यातरी दवाखान्यात बाईला सांगितलं जातं, पिशवीला सूज आहे, पुढं कॅन्सर होईल, पोरं तर झालीत, आता काय काम आहे तिचं? बाई घाबरते. नवरा मुकादमाकडून आणखी उचल घेतो. पिशवी जाते, पुष्कळदा तिच्यासोबत अंडाशयंही जातात. तिशीतली बाई एका दिवसात पन्नाशीची होते. अंगातून वाफा, हाडं ठिसूळ, सांधे धरलेले, आणि डोक्यावर मोळी तशीच.

2019 साली हा विषय राज्यभर गाजला तेव्हा सरकारनं डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यातल्या 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. दर सहा बायांमागं एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत त्या सुमारास देशभरातल्या 15 ते 49 वयाच्या बायांमधलं हे प्रमाण 3 टक्क्यांच्या आसपास होतं. मी हे आकडे पेपरात वाचले त्या संध्याकाळी अण्णांना फोन केला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "माझ्याकडून त्यातल्या किती परत गेल्या असतील गं?"

त्यांच्या डोळ्यांपुढं कोण होतं ते मला कळलं. मी कॉलेजला होते तेव्हाची गोष्ट. दसऱ्याच्या तोंडावर एक बाई आली, माझ्याहून फार तर सहा-सात वर्षांनी मोठी, कडेवर एक आणि हाताला एक. तिनं बसायच्या आधीच सांगितलं, "सायेब, पिशवी काढून टाका. गाड्या जायच्या आत करा." अण्णांनी तपासलं. जंतुसंसर्ग होता. पंधरा दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या आणि सांगितलं, पिशवी चांगली आहे, काढायची नाही. नवऱ्याला मात्र आत बोलावलं नाही. बाहेर पेशंटची रांग होती. ती गेली, आणि आठवड्याच्या आत दुसऱ्या एका दवाखान्यात पिशवी काढून मोकळी झाली. दोन वर्षांनी ती पुन्हा आली तेव्हा मी सुट्टीला घरी होते. तिला जिना चढवेना म्हणून अण्णा स्वतः खाली पायरीवर जाऊन बसले आणि तिथंच तिच्याशी बोलले. जेमतेम तिशीची बाई, उठताना गुडघ्यावर दोन्ही हात टेकत होती.

त्या रात्री अण्णा जेवले नाहीत. आईला म्हणाले, "मी कापलं नाही, पण वाचवलंही नाही. नुसतं नाही म्हणून चालत नाही."

दुसऱ्या दिवसापासून त्यांची पद्धत बदलली. अशी बाई आली की ते नवऱ्याला बोलवायचे, सासू असली तर सासूला. केसपेपर उलटा करायचे आणि त्यावर बॉलपेननं उलटा पेरू काढायचे. ही पिशवी. दोन्ही अंगाला दोन बदाम. ही अंडाशयं. "हे बदाम काढले की हाडातलं बळ जातं. फडात कोयता कोण चालवणार मग?" सासूला हे पटकन समजायचं, नवऱ्याला जरा उशिरानं. चित्र घडी करून ते बाईच्या हातात द्यायचे आणि सांगायचे, कुणी पिशवी काढ म्हटलं तर त्याला हे दाखव आणि का काढायची ते विचार. अर्धा-अर्धा तास जायचा. बाहेरची रांग कुरकुरायची, काही लोक उठून दुसरीकडं जायचे. अण्णांनी पेरू काढायचं सोडलं नाही. त्यातल्या सगळ्या थांबल्या असं नाही. पण पुष्कळ थांबल्या, आणि त्यांची नावं कुठल्याच ऑपरेशन रजिस्टरला नाहीत.

पुढं बीड जिल्ह्यात खाजगी दवाखान्यांना पिशवी काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणं सक्तीचं झालं. चांगलं झालं. पण परवानगीच्या कागदानं पैशाची दिशा बदलत नाही. सरकारी विमा योजनेत पॅकेज असतं ते ऑपरेशनचं, भरती करून केलेल्या उपचारांचं. तपासलं, समजावलं, घरी पाठवलं, याला पॅकेज नाही. जोवर सर्जनच्या थांबण्याला काही मोल नाही, तोवर थांबणारा सर्जन आपल्या घरच्यांच्या जिवावर थांबत राहणार. आमच्या घरानं ते केलं, आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. पण आज कर्ज काढून दवाखाना टाकलेल्या तीस वर्षांच्या पोरानंही तेच करावं अशी अपेक्षा आपण कुठल्या तोंडानं करायची?

सत्कारात एक वक्ते म्हणाले, डॉक्टरसाहेबांनी पेशंटसाठी घरादाराकडं पाहिलं नाही. ते कौतुकानंच म्हणाले, पण हे साफ चूक आहे. 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी जमीन हलली. आदल्याच रात्री गणपती विसर्जन होऊन लोक झोपले होते. उजाडता अण्णा किल्लारीकडं निघाले ते चौथ्या दिवशी परतले. तिथं मात्र कापावं लागलं. चिरडलेले पाय, काळे पडलेले हात. त्यातलं ते आजवर आमच्याशी बोललेले नाहीत. परत आले, आंघोळ केली आणि न झोपता मोटारसायकल काढून आजोबांच्या गावी गेले. आजोबांचं घर माळवदाचं होतं, दगडमातीच्या जाड भिंती, वर हात-दीड हात मातीचा थर. किल्लारीत माणसं याच ओझ्याखाली गेली, हे ते डोळ्यांनी पाहून आले होते. आजोबा ऐकेनात, म्हणाले, पाच पिढ्या या घरात वाढल्या. अण्णांनी वाद घातला नाही. फावडं घेतलं, माळवदावर चढले आणि एकट्यानं माती खाली लोटायला लागले. ज्या बोटांना जपावं म्हणून आई त्यांना विळीलासुद्धा हात लावू देत नसे, त्या बोटांना फोड आले. दुपारी गावातली चार माणसं मदतीला चढली. संध्याकाळी आजोबा स्वतःच फावडं घेऊन वर गेले. दिवाळीच्या आत त्या घरावर पत्रा पडला. हा माणूस घराकडं न बघणारा?

थांबण्याचंच म्हणाल तर शेवटचं थांबणंही तसंच. या उन्हाळ्यात एका साध्या हर्नियाच्या वेळी टाका घालताना सुई दोनदा धरावी लागली. ऑपरेशन नीट झालं, पेशंटला काही कळलं नाही, कंपाउंडरमामांनाही नाही. अण्णांना कळलं. वर येऊन ताटावर बसता बसता आईला म्हणाले, "आता बास." दुसऱ्या आठवड्यात त्यांचे शाळासोबती आले, ऑपरेशन तुझ्याच हातून करून घ्यायचं म्हणून हटून बसले. अण्णांनी त्यांना स्वतःच्या गाडीत घालून अंबाजोगाईला एका तरुण सर्जनकडं नेलं आणि ऑपरेशन होईपर्यंत बाहेर नातेवाइकांच्या बाकड्यावर बसून राहिले.

सकाळची ओपीडी तेवढी त्यांनी ठेवलीय, दोन तासांची. लांबलांबून बाया फाइली घेऊन येतात, खरंच काढावी लागेल का विचारायला. आज दुपारी एकला मी घरी फोन केला, अण्णा जेवले का म्हणून विचारलं. आई म्हणाली, "कुठलं गं जेवण. खाली पेरू काढत बसलेत."